गाभा बदलण्याचा हक्क



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची धारणा असते. आणि ती सहसा चुकत नाही. आज मात्र आम्ही संगणकाविषयी बोलणार आहोत. त्यातही लिनक्स नावाच्या प्रणालीचा गाभा कसा बदलतात आणि तिच्यावरील सॉफ्टवेअरे कशी आणतात, सांभाळतात व काढतात, या रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीच्या इतिहासाविषयी. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते मोंढ्यातल्या हमालांकडून, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीतल्या पुस्तकांतून. तेव्हा तज्ज्ञ म्हणून आम्ही हा विषय मांडत नाही. गाठ पडली म्हणून ज्याला शिकावे लागले अशा माणसाचे हे बोल आहेत, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करू. २००४ च्या सुमारास आमच्या संघटनेने एक जुना संगणक विकत घेतला. हमाल आणि मापाडी यांच्या नावांची वही तोवर हाताने लिहिलेली होती. नाव, गाव, कामावर लागल्याची तारीख, वारसाचे नाव. ही वही संगणकावर चढवावी म्हणून मराठी लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर आणले. त्याचे टंक त्याचे स्वतःचे, अक्षरांची सांकेतिक रचना त्याची स्वतःची. आणि ते चालावे म्हणून संगणकाच्या पाठीमागे कुलूपवजा एक तुकडा खोचावा लागे. दोन उन्हाळे बसून सर्व नावे चढवली. वहीला वाळवी लागली होती, ती टाकून दिली. पुढे पाच-सहा वर्षांनी संगणक बिघडला. नवा आला, त्यावरची विंडोज नवी होती. जुने सॉफ्टवेअर तिच्यावर चढेना, कुलूप ओळखले जाईना. नवी आवृत्ती विकत घ्या, एवढेच उत्तर मिळाले. आमची फाइल उघडली तेव्हा नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे. आकडे तेवढे शाबूत होते. नेमक्या त्याच महिन्यात एका वृद्ध हमालाला कामावर लागल्याची तारीख सिद्ध करावयाची होती. फायलीत तारखा दिसत होत्या. त्या कोणाच्या, ते कळत नव्हते.

मराठवाड्याच्या माणसाला हा प्रसंग अगदीच अनोळखी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू होती. आपल्याच शेताचा कागद हातात घेऊन तो वाचून दाखवणारा शोधत हिंडणारा शेतकरी आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिला आहे. यात उर्दूचा दोष नाही. ती गोड भाषा आहे आणि नांदेडच्या कितीतरी घरांत ती आजही बोलली जाते. दोष एवढाच की, कागद ज्याचा होता त्याला तो वाचता येत नव्हता आणि वाचणाऱ्याच्या मर्जीवर त्याचे शेत अवलंबून होते. संगणकाच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहतो. यंत्र आमच्या पैशाचे, मजकूर आमचा. मग त्यात काय बदलावे, केव्हा बदलावे, आणि बदल न मानवल्यास मागे कसे फिरावे, हे ठरवावयाचे कोणी? लिनक्सचा इतिहास हा आमच्या मते या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

या इतिहासाच्या मुळाशी एक छपाईयंत्र आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे एक नवे लेसर छपाईयंत्र आले. कागद अडकण्याची खोड जुन्या यंत्राला होती तशी यालाही होती. जुन्या यंत्राच्या वेळी तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा फेरफार केला होता. कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर सूचना येई आणि कोणीतरी उठून तो काढी. नव्या यंत्राच्या सॉफ्टवेअरची मूळ लिखित संहिता कंपनीने दिलीच नाही. ज्याच्याकडे ती होती त्या प्राध्यापकाने, गुप्ततेचा करार केला असल्यामुळे, ती दाखवण्यास नकार दिला. दुरुस्ती येणाऱ्या माणसाला दुरुस्तीची बंदी! कारखान्यात फिटरच्या हातातून पाना काढून घ्यावा, त्यातलाच हा प्रकार. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाची संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली तिच्यासाठी एक सर्वसाधारण परवाना तयार केला. या परवान्याचा सारांश असा. सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, वाचावे, बदलावे व वाटावे. मात्र बदललेले पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्यावी. स्वामित्वाच्या कायद्याचेच हत्यार उलटे धरून स्वामित्वाला घातलेला हा बांध आहे. ज्यांनी वेतन करारांची कलमे वाचण्यात आयुष्य घालवले, त्यांना या कलमाची करामत सांगावयास नको.

ग्नूची अवजारे तयार झाली, पण गाभा तयार होईना. गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. पलटणीतल्या कर्नलशी या शब्दाचा काही संबंध नाही. फळाच्या कठीण आठळीत जो गर असतो त्याला तो शब्द आहे. गाभ्याचे काम काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावणे सोपे आहे. इसापूरच्या कालव्याला पाणी सुटले म्हणजे अर्धापूरच्या शिवारात केळी आणि हळद असणारे सगळेच पाणी मागतात. पाणी एकच, पाट एकच. मग पाळी ठरते आणि पाटकरी ती राबवतो. अमक्याचे दार उघडायचे, तमक्याचे बंद करायचे, कोणी कोणाचा बांध फोडू नये हे पाहायचे. संगणकात प्रक्रियक हे पाणी, स्मृती हे शिवार आणि गाभा हा पाटकरी. शंभर कामे एकाच वेळी प्रक्रियकाचा वेळ मागत असतात. गाभा प्रत्येकाला सेकंदाच्या अगदी बारीक अंशाची पाळी देतो. एकाच्या स्मृतीत दुसऱ्याला शिरू देत नाही. छपाईयंत्र, कळफलक, पडदा यांच्याशी बोलणेही त्याच्याच मार्फत होते. पाटकरी बिघडला तर गावचे पीक जाते. गाभा बिघडला तर संगणक मूक होतो.

हा पाटकरी फिनलंडमधून आला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरात बाहेर पडलेली त्याची पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आरंभी त्याने स्वतःचा परवाना लावला होता, त्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ साली त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला, आणि गाभा व अवजारे यांचे लग्न लागले. मार्च १९९४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा ओळी पावणेदोन लाखांच्या घरात होत्या. आज त्या तीन कोटींच्या वर गेल्या आहेत. नऊ-दहा आठवड्यांनी एक नवा गाभा बाहेर पडतो, आणि त्यांपैकी काही निवडक गाभे अधिक काळ डागडुजी करून टिकवले जातात.

परंतु नुसत्या गाभ्याने घर चालत नाही. लिहिण्याचे, हिशेबाचे, छपाईचे, चित्र पाहण्याचे सॉफ्टवेअर लागते. पहिल्या काळात हे सर्व मूळ संहितेच्या स्वरूपात आणून आपल्या यंत्रावर भाषांतरित करून घ्यावे लागे. त्यात मोठी अडचण अवलंबनाची. विहिरीवर मोटर बसवावयाची तर स्टार्टर लागतो, स्टार्टरला केबल लागते, केबलला फ्यूज लागतो. आणि यातले एक जरी वेगळ्या मापाचे आले तरी पाणी चढत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच. एकाला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसऱ्याची अमुकच आवृत्ती लागते, आणि चौथ्याला त्याच तिसऱ्याची निराळी आवृत्ती हवी असते.

यातून मार्ग काढण्यासाठी संच करून वाटणारे पुढे आले. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक फोल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आले, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयान मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. प्रेयसी डेब्रा आणि स्वतः इयान, या दोघांची नावे जोडून त्यांनी हे नाव केले. डेबियनने प्रत्येक सॉफ्टवेअरचे एक बांधीव गाठोडे केले, त्यालाच पॅकेज म्हणतात. गाठोड्यावर चिठ्ठी असते. आत काय आहे, कितवी आवृत्ती आहे, सोबत काय लागते, कशाशी पटत नाही. ती चिठ्ठी वाचून गाठोडे उघडणारे साधन म्हणजे डीपीकेजी. १९९५ साली रेड हॅटने आरपीएम नावाची आपली पद्धत आणली. तरीही सोबतची गाठोडी शोधून आणण्याचे काम माणसाकडेच होते. ते काम मार्च १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर आलेल्या एपीटी या साधनाने आपल्याकडे घेतले. आपण फक्त हवे त्याचे नाव सांगावे. सामाईक कोठारातून ते आणि त्याचे सर्व सोबती आणून, योग्य क्रमाने बसवून देण्याची जबाबदारी त्याची. जुन्या मोंढ्यातला हुशार गुदामकारकून जसा एका चिठ्ठीवर गाडीभर माल बरोबर लावून देत असे, तसा हा कारकून.

आमच्यासारख्याला याहून अधिक कुतूहल वाटले ते त्या कोठाराच्या कारभाराचे. डेबियन ही कंपनी नव्हे. जगभरच्या सुमारे हजार सभासदांची ती संघटना आहे. १९९७ साली तिने वापरणाऱ्यांशी एक सामाजिक करार जाहीर केला, आणि १९९८ साली घटना मंजूर केली. प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. मतपत्रिकेवर उमेदवारांचा पसंतीक्रम लिहावयाचा असतो आणि 'यांपैकी कोणीही नको' हाही पर्याय असतो. सभासदांनी ठराव करून प्रमुखाचा निर्णय फिरवता येतो. आमच्या संघटनेत निवडणूक तीन वर्षांनी होते आणि दोनदा ती पुढे ढकलली गेली आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

आता अर्धापुरात या. डेबियनपासूनच निघालेली उबुंटू ही प्रणाली ऑक्टोबर २००४ मध्ये आली, आणि तिचे पुरस्कर्ते मार्क शटलवर्थ यांच्या संस्थेने २०११ पर्यंत मागेल त्याच्या घरी तबकड्या टपालाने फुकट पाठवल्या. आमच्या कचेरीत लिनक्स आले ते असेच, टपालातून. आमच्याच एका हमालाचा मुलगा तंत्रनिकेतनात शिकत होता. त्याने ती तबकडी आणली आणि आमच्या बिघडलेल्या संगणकाची डागडुजी करून त्याच्यात चढवली. तबकडीतले होते ते चालले. पण अधिक काही हवे तर कोठार इंटरनेटवर, आणि आमच्या कचेरीत इंटरनेट नाही. मग तो मुलगा नांदेडला जाई, तेथल्या इंटरनेट कॅफेत बसून गाठोडे पेनड्राइव्हवर उतरवी आणि बसने परत येई. येऊन पाहावे तर त्या गाठोड्याला आणखी दोन लागत. पुन्हा बस. जगात जो प्रश्न १९९९ साली सुटला होता, तो अर्धापुरात तारेअभावी दहा वर्षांनीही शिल्लक होता. अखेर त्याला एपीटी-ऑफलाइन नावाचे एक साधन सापडले. ज्या संगणकाला इंटरनेट नाही त्याने काय काय हवे त्याची यादी एका फायलीत लिहून द्यावयाची. ती फाइल इंटरनेट असलेल्या संगणकावर नेऊन सर्व माल एकदम उतरवावयाचा. आणि परत आणून बसवावयाचा. हे साधन एका भारतीय डेबियन कार्यकर्त्याने लिहिले आहे, हे कळल्यावर आम्हांला नवल वाटले नाही. ज्याचे पाय पोळतात त्यालाच वहाण सुचते.

यानंतरचा भाग आमच्या लिपीचा. त्या मुलाने जुन्या टंकाच्या एकेका चिन्हासमोर युनिकोडमधील देवनागरी अक्षर मांडून तक्ता केला, आणि आमची फाइल हळूहळू वाचती केली. युनिकोड म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना दिलेले सर्वमान्य क्रमांक. टंक कोणाचाही असो, क्रमांक तोच. पण क्रमांक असून भागत नाही. तो वाचून अक्षर काढणारा टंक लागतो. मुक्त प्रणालींसाठी हे टंक घडवण्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'रघू' हा टंक केला आणि तो मुक्त परवान्याखाली आला. विंडोजवरचा 'मंगल' हा टंकही त्यांच्याच हातचा. दोन्ही तटांवर एकाच माणसाचे वळण. मुंबईतूनच सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमाने भारतीय भाषांतल्या लिनक्सची चळवळ उभी केली. २००४ साली रेड हॅटने 'लोहित' हे टंक खुले केले, आणि कंपनीच्या पुण्यातील केंद्रात पडद्यावरच्या आज्ञांची मराठी भाषांतरे झाली.

तरी मराठीच्या काही खोडी उरल्याच. आचार्यांना जेवावयास बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत फरक आहे, आणि तो फरक एका रफाराच्या जागी येणाऱ्या आडव्या रेघेचा आहे. अक्षरमांडणी करणारा भाग जर हा भेद ओळखत नसेल, तर तो स्वयंपाक्याला विद्वान करून टाकतो. दुसरी खोड 'ॲ' या अक्षराची. इंग्रजी शब्द लिहिताना आपण 'अ'वर चंद्र काढतो, तो हिंदीवाल्यांना फारसा लागत नाही. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःचे स्थान नव्हते. 'अ' आणि चंद्र वेगवेगळे लिहिले की अनेक ठिकाणी मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठीच्या प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. त्यात 'ॲ' आणि 'ऑ' यांना जागा मिळाली, देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरला.

येथे पॅकेजाचे महत्त्व ध्यानात येते. समितीने क्रमांक दिला, शासनाने निर्णय काढला, म्हणून अर्धापूरच्या संगणकावर अक्षर उमटत नाही. टंकाचे गाठोडे नवे व्हावे लागते, कळफलकाचे नवे व्हावे लागते, अक्षरमांडणीचे नवे व्हावे लागते. एके दिवशी आमच्या संगणकाने सर्व अद्ययावत करून घेतले आणि 'ॲडव्हान्स' हा शब्द, जो हमालांच्या हिशेबात रोज येतो, तो वर्तुळावाचून स्वच्छ उमटला. कोणी विकावयास आले नव्हते, कोणी कुलूप मागितले नव्हते. त्या संध्याकाळी फाइल पूर्ण झाली, आणि त्या वृद्ध हमालाचे नाव आपल्या तारखेसमोर येऊन बसले. त्याचे पैसे त्याला मिळाले. पण दीड वर्ष उशिरा.

आता गाभा बदलण्याची गोष्ट. नवशिक्याचा येथे एक घोटाळा होतो, तो आधी दूर करू. एपीटीच्या दोन आज्ञा आहेत. अपडेट म्हणजे कोठारातल्या मालाची यादी नवी करणे. अपग्रेड म्हणजे प्रत्यक्ष माल नवा करणे. यादी नवी केल्यावाचून माल मागवला तर जुन्याच यादीवर मागणी जाते. गाभा हाही कोठारातले एक गाठोडेच आहे. पण इतर गाठोडे बदलताना नवे जुन्याची जागा घेते. गाभ्याच्या बाबतीत उबुंटू आणि डेबियन तसे करीत नाहीत. नवा गाभा जुन्याच्या शेजारी ठेवला जातो, त्याची उपकरणे चालवणारे सुटे भाग वेगळ्या खोलीत मांडले जातात, आणि संगणक सुरू होताना जी यादी येते तिच्यात दोघांची नावे राहतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच नवा कामाला लागतो.

आमच्याकडे एकदा असे झाले. तोवर कचेरीत इंटरनेट आले होते आणि बिनतारी जोडणीसाठी एक लहानसा तुकडा संगणकाला लावला होता. त्याला चालवणारा भाग कोठारात नव्हता. तो वेगळा आणून त्या वेळच्या गाभ्यासाठी बांधून घेतला होता. नवा गाभा आला आणि इंटरनेट नाहीसे झाले. आम्ही घाबरून त्या मुलाला बोलावले. तोवर तो पुण्यात नोकरीला लागला होता. फोनवरून म्हणाला, "काका, घाबरू नका. सुरू होताना यादी येईल, त्यात जुना गाभा आहे, तो निवडा." आम्ही तसे केले आणि इंटरनेट परत आले. पुढे त्याने डीकेएमएस नावाच्या साधनाची सोय करून दिली. गाभा बदलला की तो वेगळा आणलेला भाग नव्या गाभ्यासाठी आपोआप पुन्हा बांधला जातो. फोन ठेवताना तो म्हणाला, "नवा आला म्हणून जुना लगेच काढायचा नसतो, काका." आम्हांला वाळवी लागलेली ती वही आठवली आणि आम्ही काही बोललो नाही.

मात्र जुने सर्वच साठवून ठेवणे हाही शहाणपणा नव्हे. गाभे ठेवण्याची जागा लहान असली की ती भरते, आणि मग नवा बसताना अर्ध्यावर अडकतो. म्हणून चालू असलेला आणि त्याच्या आधीचा, असे दोन ठेवून बाकीचे काढावेत. जुनी कार्यकारिणी नव्या कार्यकारिणीला कारभार समजेपर्यंत शेजारी बसावी, पण आजवरच्या सर्व कार्यकारिण्या बसल्या तर सभासदांना सभागृहात जागा उरणार नाही.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, सर्व काही मुक्त झाले म्हणजे कष्ट संपले. तसे नाही, आणि तसे सांगणे आमच्या पेशाला शोभणार नाही. पहिली अडचण जुन्या यंत्रांची. गरिबाघरी संगणक पोहोचतो तो दुसऱ्याने टाकल्यावर. लिनक्सचा जन्म ज्या ३८६ प्रक्रियकावर झाला त्याचाच आधार २०१३ साली गाभ्यातून काढला गेला. उबुंटूने २०१७ साली ३२ बिटांच्या संगणकांसाठी घरगुती प्रणालीची तबकडी देणे थांबवले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा संगणकांवर नव्याने प्रणाली चढवण्याची सोय राहिली नाही. आमचा तो जुना संगणक याच जातीचा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्यावर चालणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. फरक एवढा की, त्यांतल्या बहुतेकांवर आजचे लिनक्स चढू शकते, आणि चढवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी अडचण आमच्या जिव्हाळ्याची, म्हणजे श्रमाची. गाभ्याचे बहुतेक काम आज मोठ्या कंपन्यांची पगारी माणसे करतात. २०१९ साली आयबीएमने रेड हॅट कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. पण कोठारातली हजारो लहान गाठोडी एकेकटी माणसे बिनपगारी सांभाळतात. एक्सझेड नावाचे फायली दाबून लहान करणारे साधन फिनलंडमधील असाच एकटा कार्यकर्ता सांभाळत होता. त्याने २०२२ साली उघडपणे लिहिले होते की, हे काम आपण विनामोबदला छंद म्हणून करतो आणि आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही. त्याच सुमारास काही खोट्या नावांनी त्याच्यावर दुसऱ्याला हाताशी घेण्याविषयी दडपण आणले गेले. आणि जिया टान असे नाव सांगणाऱ्या एका अज्ञाताने दोन-अडीच वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास संपादला. २०२४ च्या आरंभी त्याने त्या गाठोड्यात एक चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीस आणला. का, तर दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याला खटकले! ते गाठोडे डेबियनच्या चाचणीच्या कोठारापर्यंत पोहोचले होते. स्थिर कोठारात शिरले नव्हते.

या घटनेत आम्हांला दोन धडे दिसतात. नवे ते तात्काळ हवे, हा हव्यास बरा नव्हे. डेबियन आपली स्थिर आवृत्ती दोन-दोन वर्षे पारखून काढते, ते आळसाने नव्हे. दुसरा धडा असा की, डेबियनच्या कोठारातल्या मालाची यादी २००७ पासून सहीशिक्क्याने तपासली जाते. पण शिक्का माल कोणाकडून आला ते सांगतो, त्या माणसाला किती दिवस झोप नाही ते सांगत नाही. ज्या पेढीवर जगाचे व्यवहार चालतात तिच्या पायाचा दगड एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तेव्हा याच न्यायाने मागणी केली गेली होती. ज्याच्या पाठीवरून सर्वांचा माल जातो, त्याच्या पाठीची जबाबदारी सर्वांची.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? शिकावे, हे पहिले उत्तर. मुंबईच्या आयआयटीने प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम चालवला. त्यात सिनॅप्टिक नावाच्या साधनाने पॅकेज कसे बसवावे, याचा पाठ मराठी आवाजात आहे. दहा-बारा मिनिटांचा पाठ. ऐकत जावे, थांबवावे, आपल्या यंत्रावर करून पाहावे. आमच्या कचेरीत तो आम्ही ऐकला, आणि मग मोंढ्यातल्या पाच पोरांना ऐकवला. त्यांतली दोन आता आमच्या मदतीवाचून गाभा बदलतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींतून आपल्या भाषेत चौकात यावे म्हणून. संगणकाचे ज्ञान अजून बरेचसे भिंतींत आहे. यंत्र कसे बदलते हे ज्याला कळते त्याला नकार देता येतो, वाट पाहता येते, आणि चुकल्यास मागे फिरता येते. ज्याला कळत नाही त्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी दुसरा ठरवतो. परवाना हक्क देतो, पण तो बजावणारा माणूस गावात लागतो. अर्धापूरला तो एका हमालाच्या घरातून मिळाला.

आमची नावांची फाइल आता युनिकोडमध्ये आहे, कोणत्याही यंत्रावर उघडते, आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी आहेत. शिवाय दर वर्षी चैत्रात आम्ही ती कागदावर छापून घेतो, वहीसारखी शिवून कपाटात ठेवतो. कपाटात कडुनिंबाचा पाला घालतो. वाळवीचे काही सांगता येत नाही.